दुरुस्त झालंय, पण भरवसा बसत नाहीये

वाचकांचे प्रश्न : हत्यार आणि नेमबाजी

या खेपेला तीन पत्रं घेतोय. पहिल्याला जागा जास्त जाणार आहे, कारण तशीच शंका साताऱ्याकडच्या बऱ्याच पेन्शनर मंडळींनी मला समोरासमोर विचारलीय. नावं छापत नाही.

प्रश्न : जय हिंद साहेब. मी कोरेगाव तालुक्यातला, २०१४ ला हवालदार म्हणून पेन्शनवर आलो. घर गावापासून लांब मळ्यात आहे, रात्री पाण्याची पाळी असली की मी मोटारीवर आणि घरात बायको, सून, नातवंडं, म्हणून रीतसर लायसन्स काढून बत्तीस बोरचं रिव्हॉल्वर घेतलं. सहा गोळ्यांचं, भरायला बिजागरीवर मधून मोडणारं. दरवर्षी रेंजवर जाऊन थोडं फायर करतो. मागच्या दिवाळीनंतर गेलो तर अठरापैकी दोन राउंड नुसते टक करून बसले, घोडा पडला पण गोळी सुटली नाही. वर्कशॉपला दिलं, तीन आठवड्यांनी परत मिळालं, म्हणाले स्प्रिंग बदलली, आता बघायला नको. त्यानंतर रेंजवर बारा राउंड मारले, बाराही सुटले. तरी साहेब मन लागत नाही. चाप ओढताना हात थबकतो, सुटतंय का नाही असं होतं. रात्री दोन-दोनदा उठून कपाटातून काढून बघतो. फौजेत रायफल उशाला घेऊन झोपलो तेव्हा असं कधी झालं नाही. मेव्हणा म्हणतो विहिरीत चार गोळ्या झाड, आपोआप खात्री होईल. काय करावं?

उत्तर : हवालदार साहेब, जय हिंद. आधी हे सांगतो की तुमचं मन जे म्हणतंय ते बरोबर म्हणतंय, त्याला दाबू नका. ज्या हत्याराने एकदा दगा दिला आणि का दिला हे कुणी नीट सांगितलं नाही, त्याच्यावर भरवसा बसत नाही हे शहाण्या माणसाचं लक्षण आहे.

मी आर्मरर होतो, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा. कोतमध्ये, म्हणजे पलटणीच्या हत्यारखान्यात असताना एका साहेबांचं पिस्तूल आलं होतं, स्प्रिंग बदलली, हाताने चार वेळा चालवून बघितलं, रजिस्टरला सर्व्हिसेबल लिहून सही ठोकली. फायर करून बघितलं नाही, कारण त्या दिवशी रेंज नव्हती आणि संध्याकाळी मला रजेवर निघायचं होतं. पुढच्या फायरिंगला तिसऱ्याच राउंडला ते बसलं. साहेब काही बोलले नाहीत, पिस्तूल खाली करून टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. ते बघणं मला अजून आठवतं. त्या दिवसापासून मी एकही हत्यार मालकाच्या समोर फायर केल्याशिवाय परत दिलं नाही, आणि जुना पार्ट कागदात गुंडाळून त्याच्या हातात ठेवला.

तर तुमचं पहिलं काम ते. वर्कशॉपला परत जा आणि विचारा, कुठली स्प्रिंग बदलली, का बदलली, जुनी कुठाय. घोड्यामागची मेन स्प्रिंग बसली होती म्हणून बदलली का घोड्याचं टोक झिजलं होतं, का नुसतं साफ करून तेल देऊन परत केलं? कधी कधी चाप हलका व्हावा म्हणून नरम स्प्रिंग टाकतात, ओढायला छान वाटतं पण घोड्याची ठोस कमी पडते आणि मग काडतूस पेटत नाही. तुमच्यात आधीच कुणी असं काही केलं होतं का तेही कळेल. 'ओके आहे' हे उत्तर घेऊन येऊ नका. पावतीवर काम लिहून घ्या. आणि दुरुस्ती फक्त परवाना असलेल्याकडेच. आर्म्स ॲक्टच्या कलम ५ मध्ये दुरुस्ती आणि चाचणीसुद्धा परवान्याखाली येते, ओळखीचा लेथवाला कितीही हुशार असला तरी नाही.

आता बारा राउंडचं. बाराच्या बारा सुटले म्हणून तुम्हाला वाटतंय की खात्री व्हायला पाहिजे होती, मग मनच खराब झालं की काय. तसं नाहीये. आकडेशास्त्रात एक ढोबळ नियम आहे, जितके राउंड बिनचूक गेले त्या आकड्याने तीनला भागायचं, जे येईल तितकी चूक अजून आत लपलेली असू शकते असं धरायचं. तीन भागिले बारा म्हणजे पाव. म्हणजे बारा सुटल्यावरसुद्धा चारात एक बसणारं हत्यार तुमच्या हातात असू शकतं आणि तुम्हाला ते अजून दिसलेलं नसेल. आधी तर अठरात दोनच बसले होते, नवात एक. अशा हत्यारातनं बारा राउंड सलग सुटणं यात नवल काहीच नाही, चारात एकदा ते असंच होईल. साठ बिनचूक गेले तर तीन भागिले साठ, शंभरात पाच. तिथं मनाला जरा टेकायला जागा मिळते. काडतुसं महाग आहेत आणि लायसन्सवर कोटा आहे हे मला माहितीय, म्हणून एका दिवसात म्हणत नाही, तीन-चार फेऱ्यांत करा, पण तेवढे करा. आणि जी काडतुसं घरात ठेवणार आहात त्याच पाकिटातली मारा.

पण नुसत्या आकड्यावर मी थांबणार नाही, कारण खरं बोलतं ते रिकामं खोकं, म्हणजे गोळी सुटल्यावर मागे उरलेलं काडतुसाचं टरफल. एक मार्कर पेन घ्या. सिलिंडरच्या बाहेरून सहा घरांना १ ते ६ नंबर टाका आणि काडतुसांच्या अंगावर पण तेच नंबर टाका, १ चं १ मध्ये, २ चं २ मध्ये. तुमचं मधून मोडणारं आहे, उघडलं की सगळी खोकी एकदम बाहेर उडतात, नंबर नसले तर कुठलं कुठल्या घरातलं हे देवालाच माहीत. फायर झाल्यावर सहाही खोकी बूड वर करून वर्तमानपत्रावर ओळीने उभी करा आणि टोपीवरचा, म्हणजे बुडाच्या मधल्या ज्या गोल भागावर घोडा आपटतो त्याच्यावरचा, खड्डा उन्हात धरून बघा. सहाही खड्डे सारखे खोल, गोल आणि मधोमध असले तर घोडा नीट मारतोय. सगळेच उथळ असले तर ठोस कमी आहे, स्प्रिंगचं काम झालेलंच नाही. एकाच नंबरचा खड्डा दरवेळी कडेला पडत असेल तर ते घर नळीसमोर बरोबर येत नाहीये, टायमिंगची भानगड, आणि ती जास्त वाईट कारण मग गोळी नळीच्या तोंडाला घासून शिसं बाजूला उडतं. आणि खड्डे चांगले खोल असून एखादी बसली तर हत्यार निर्दोष, काडतूस खराब. हे होतं हं, पावसाळ्यात हत्याराला भरपूर तेल पाजायचं आणि त्यातच भरलेली काडतुसं महिनोन्महिने ठेवायची सवय पुष्कळांना आहे, ते तेल टोपीतून आत झिरपतं आणि बार मरतो. तुमचे ते दोन राउंड कशाने बसले हे कुणी बघितलं का? ती दोन काडतुसं टाकून दिली असतील तर पुरावाच गेला. पुढच्या वेळी टाकू नका.

रेंजवर जायच्या आधी घरी एवढं बघा. काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवायची, मग हत्यार उघडून सहाही घरं डोळ्यांनी बघायची आणि बोटाने चाचपायची, मगच पुढचं. घोडा अंगठ्याने हळूहळू मागे ओढा, पूर्ण मागे जाईपर्यंत सिलिंडर त्या घरावर टक करून लॉक झालं पाहिजे. लॉक झाल्यावर सिलिंडर दोन बोटांनी हलवून बघा, किंचित खुळखुळ चालते, डुलायला नको. असं सहाही घरांवर. मग वरची कडी बघा, बंद केल्यावर पक्की बसते का, बिजागरीत नळी हलते का. रिकामा घोडा उगाच शंभर वेळा आपटू नका, डमी, म्हणजे न पेटणारे नकली राउंड घालून करा.

रेंजवर टक झालं तर नळी टार्गेटकडेच धरून तीस सेकंद थांबायचं, बार उशिरा पण पेटतो. हे तुम्हाला मी सांगायला नको पण वाचणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितोय. आणि आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर तिथंच फायर बंद, गोळ्या काढून रिकामं करा, नळीतून आरपार उजेड दिसतोय का बघा. गोळी नळीत अडकली असेल आणि वरून दुसरी मारली तर नळी फुटते.

आता हात थबकण्याचं. हे हत्याराचं दुखणं आहे का हाताचं, हे वेगळं करायचा जुना उपाय आहे. बरोबरच्या माणसाला भरायला सांगा, सहात एक-दोन डमी कुठंतरी मिसळायच्या, तुम्ही बघायचं नाही. डमीवर घोडा पडला की नळीचं टोक बघा. ते खाली डुचकलं तर हात आधीच घाबरून दाबतोय. ते जागचं हललं नाही तर तुमचा हात अजून फौजेतलाच आहे. दोन-तीन वेळा केलं की डुचकणं कमी होत जातं, हे मी रिक्रूटांवर नव्हे, पंधरा-पंधरा वर्षं सर्व्हिस झालेल्या लोकांवर बघितलंय.

विहिरीचं अजिबात नको. आपल्याकडच्या विहिरी काळ्या पाषाणाच्या, पाण्यावरनं पण गोळी उसळते आणि दगडावरनं तर कुठंही जाते. उसाच्या फडात मारली तर फडापलीकडे कोण खुरपतंय दिसत नाही, आणि बत्तीसची गोळी किलोमीटरभर जाऊ शकते. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर आर्म्स ॲक्टच्या कलम २५ मध्ये बेफिकिरीने किंवा आनंदाच्या भरात गोळी झाडून कुणाचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. मेव्हण्याला हे दाखवा. आणि मुळात विहिरीत मारलेल्या चार गोळ्यांनी कळणार काय? चारने तीनला भागा.

राहिलं रात्री उठून बघण्याचं, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. झोपेतून अर्धवट उठलेला माणूस, अंधार, घरात नातवंडं आणि हातात हत्यार. हे आजपासून बंद करा. साठ राउंड होईपर्यंत ते हत्यार घरात नाहीच असं समजा. रिकामं करून कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात, किल्ली घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाकडे. तोवर अंगणात मोठा दिवा लावा, दाराला आतून आडणा, शेजारच्या वस्तीवरच्या दोघांचे नंबर सुनेच्या मोबाईलमध्ये आणि ११२. हे सगळं हत्याराच्या आधी लागतं आणि तुम्ही मोटारीवर असताना घरातल्यांच्या उपयोगाला येतं ते हेच. हत्यार तपासून पक्कं झालं आणि तरी झोप येत नसेल, तर मग रिव्हॉल्वर बाजूला ठेवून स्वतःकडे बघा. माजी सैनिकांच्या ईसीएचएस पॉलिक्लिनिकला डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा, किंवा मनाच्या त्रासासाठी सरकारच्या टेलिमानस हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. तोपर्यंत हत्यार परवानाधारक दुकानदाराकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा ठेवता येतं, आचारसंहितेत ठेवतो तसंच, पावती घ्यायची. त्यात कमीपणा काही नाही, साहेब. साठ राउंड झाले की खोक्यांचे फोटो काढून मला पाठवा, मी बघतो.

प्रश्न : काका, मी सांगलीची, अकरावीला आहे, १० मीटर एअर पिस्तूल करते. माझ्या पिस्तुलातून हवा लीक होत होती म्हणून सील बदलून आणले. आधी ६०० पैकी ५६० च्या आसपास मारायचे, आता ५४० ला अडकलेय. सर म्हणतात पिस्तूल ठीक आहे, तुझ्या डोक्यात बसलंय. पण मला ते माझं वाटतच नाहीये. पप्पांनी कर्ज काढून घेतलंय, त्यांना सांगायची हिंमत होत नाही.

उत्तर : बाळ, सरांचं कदाचित बरोबर असेल, कदाचित तुझं. वाद घालायचं कारणच नाही, मोजा. पिस्तूल वाळूच्या पिशवीवर पक्कं टेकवून सरांनाच दहा छर्रे एका कागदावर मारायला सांग. टार्गेटवरचं दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं असतं, आणि टेकवून मारलेल्या दहाही छर्ऱ्यांचा घोस त्याच्या आत आरामात मावायला पाहिजे. मावला तर नळी, छर्रा, हवा सगळं ठीक. घोस उभा लांबट आला तर वेग कमी-जास्त होतोय, म्हणजे रेग्युलेटर (हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग) किंवा सील अजून नीट बसलेलं नाही. वेग मोजायचा क्रोनोग्राफ कुणाकडे मिळाला तर दहा छर्रे त्यातून काढा, सेकंदाला १५० मीटरच्या आसपास काहीतरी येईल, पण आकडा किती यापेक्षा दहाही आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का ते बघायचं.

मग ट्रिगर. पिस्तूल उघडलं की ट्रिगरचे स्क्रू हलतात, कुणी मुद्दाम नाही करत. नियमाने वजन ५०० ग्रॅमपेक्षा कमी चालत नाही, ते तर चेक करच, पण पहिला टप्पा किती लांब, सुटल्यावर ट्रिगर किती मागे जातो, हे आधी कसं होतं आणि आता कसं आहे? तुला 'माझं वाटत नाही' जे होतंय ना, माझी पैज या ट्रिगरवर आहे. बोटाला सवय अर्ध्या मिलिमीटरची असते. साइटचे क्लिक आणि ग्रिपचा कोन पण बघ. सगळं जुळवलं की वहीत लिहून ठेव, फोटो काढून ठेव, म्हणजे पुढच्या दुरुस्तीनंतर अंदाजपंचे नको. आणि सिलिंडरवरची तारीख बघून ठेव, बहुतेक एअर पिस्तुलांच्या सिलिंडरला दहा वर्षांची मुदत असते.

मिरजेला सतारमेकर गल्लीत कधी गेलीस तर सतारीची जवारी काढताना, म्हणजे सूर खुलवताना बघ. कारागीर घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, घासतो, तार लावतो, छेडतो, परत काढतो, परत घासतो, आणि वाजवणारा समोर असेल तर त्याच्याच हातात देतो, तुम्हीच वाजवा म्हणतो. कारण सूर बरोबर आहे हे कारागिराला कळतं पण हाताला बरोबर आहे हे वाजवणाऱ्यालाच कळतं. पिस्तूल दुरुस्त करणाऱ्यासमोर पुढच्या वेळी तूच दहा छर्रे मार.

घोस आणि ट्रिगर दोन्ही ठीक निघाले तर दोन आठवडे स्कोअर लिहू नकोस. कोऱ्या कागदावर, टार्गेट न लावता, नुसतं उचल, साइट बघ, सोड. एकही स्क्रू हलवायचा नाही. मग एकदा पूर्ण मॅच मार, ६० शॉट, ७५ मिनिटं. मनू भाकरचं पिस्तूल टोकियो ऑलिम्पिकमध्ये ऐन क्वालिफिकेशनला बिघडलं होतं, दुरुस्तीत वेळ गेला, ५७५ वर १२ वी आली आणि फायनल हुकली. त्याच १० मीटरमध्ये २०२४ ला पॅरिसला तिने ब्राँझ घेतलं, शिवाय सरबजोत सिंगबरोबर मिक्स्ड टीमचं दुसरं. मधली तीन वर्षं तिलाही हेच करावं लागलं असेल, परत रोज उचलणं.

आणि पप्पांना आजच सांग. पिस्तूल त्यांनी घेतलंय, सील बदललंय आणि तपासणी चाललीय एवढं त्यांना कळलं तर ते चिडणार नाहीत, उलट रेंजला सोडायला येतील.

प्रश्न : मिरजेहून लिहितोय. वडील वारले, त्यांच्या लायसन्सचं जुनं पिस्तूल ट्रंकेत आहे, गंजलंय, स्प्रिंग तुटलेली. आधी दुरुस्त करून घेऊ आणि मग लायसन्स माझ्या नावावर करू, चालेल का?

उत्तर : नाही, उलट क्रमाने. वडील गेले तेव्हाच त्यांचं लायसन्स संपलं, त्यामुळे ते पिस्तूल दुरुस्तीला घेऊन तुम्ही रस्त्यावर निघालात तरी विनापरवाना हत्यार बाळगल्यासारखं होतं, वर्कशॉपवाला पण घेणार नाही. आधी जवळच्या पोलीस ठाण्यात फोन करा, मृत्यूचा दाखला आणि वडिलांचं लायसन्स तयार ठेवा, आणि ते सांगतील तसं जमा करा. आर्म्स ॲक्टच्या कलम २१ मध्ये जमा करण्याची तरतूद आहे. ट्रंकेतल्या पिस्तुलात गोळी नाही असं गृहीत धरू नका, गंजलेल्याचा चाप किंवा स्लाइड ओढून बघू नका, काडतूस आत अडकलेलं असू शकतं. हात न लावता पोलिसांना तसं सांगा, ते माणूस पाठवतील. मग वारस म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करा, बाकीच्या वारसांची संमती लागते, बहिणींच्या सह्या आधीच घेऊन ठेवा. लायसन्स हातात आलं की दुरुस्ती, आणि दुरुस्तीनंतर काय करायचं ते वर हवालदार साहेबांना लिहिलंय, मार्कर पेनसकट तसंच.